पॉइंट रेयेस: ‘देता येईल’वर उभे राहिलेले पट्टे

कॅलिफोर्नियातल्या पॉइंट रेयेस राष्ट्रीय सागरकिनाऱ्यावरचा वाद ‘एल्क (मोठी हरणं) विरुद्ध गायी’ असा सांगितला जातो. खरं भांडण तिथल्या गुरं पाळणाऱ्यांना सरकारी जमिनीचा भाडेपट्टा पुन्हा द्यायचा की नाही याचं आहे.

१३ सप्टेंबर १९६२ रोजी केनेडींनी सही केलेल्या, हा सागरकिनारा स्थापणाऱ्या कायद्यात सुमारे २६,००० एकरांचा चराईचा भाग होता. तिथे गुरं किंवा दूधधंदा चालू असेपर्यंत मालकाच्या संमतीशिवाय जमीन घ्यायची नव्हती. पण खरेदीसाठी १.४ कोटी डॉलरच होते आणि जमिनीचे भाव चढत गेले. १९७० मध्ये खरेदीखर्चाची मर्यादा ५.७५ कोटींवर नेली, आणि त्याच दुरुस्तीत हे संरक्षणही काढून टाकलं.

बऱ्याच मालकांनी जमीन विकताना ‘वापर व वहिवाटीचा हक्क’ राखून ठेवला. याला सर्रास पट्टा म्हणतात, ते चूक आहे. जमिनीच्या बाजारभावातून राखलेल्या हक्काची किंमत वजा करून बाकी रक्कम मालकाच्या हाती पडते; एक प्रकारे पुढच्या वर्षांचं भाडं आधीच कापलेलं असतं. मुदत भरली की हक्क संपतो. त्याला नूतनीकरण नसतं.

मग पुढे काय? ती सोय १९७८च्या दुरुस्तीने केली. शेतीची जमीन सरकारला पट्ट्याने देता येईल, आणि द्यायची झाल्यास आधी मूळ मालकाला किंवा तिथल्या कुळाला विचारावं लागेल. ‘देता येईल’, ‘द्यावा लागेल’ नव्हे. प्राधान्य आहे, पण पट्टा द्यायचं ठरलं तरच.

व्यवहारात मिळाले ते थोड्या वर्षांचे, पुढे तर वर्षावर्षाचे परवाने. गोठा, कुंपण, शेणपाणी साठवायचं तळं यांचा खर्च वसूल व्हायला दहा-पंधरा वर्षं लागतात. एवढ्या तोकड्या कागदावर बँक कर्ज देत नाही. दुरुस्ती रखडते, आणि मग रखडलेल्या दुरुस्तीवरच बोट ठेवलं जातं.

‘देता येईल’चा अर्थ तिथल्या ऑयस्टर (कालवं) फार्मच्या बाबतीत उघड झाला. १९७२ मध्ये राखलेला ४० वर्षांचा हक्क ३० नोव्हेंबर २०१२ला संपत होता. दहा वर्षांचा परवाना देण्याची मुभा काँग्रेसने २००९ मध्ये दिली होती, तरी तेव्हाचे अंतर्गत व्यवहार मंत्री केन सालाझार यांनी तो नाकारला. अपील न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. रँचना (गुरं पाळणाऱ्या शेतांना) मात्र २० वर्षांचे पट्टे द्यावेत, असं सालाझार यांच्या त्याच निर्णयात म्हटलं होतं.

ते कायद्यात पक्कं करणारं विधेयक २०१८ मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर झालं, सिनेटमध्ये अडकलं. २०२१च्या आराखड्याने २० वर्षं मान्य केली. २०२२ मध्ये त्यावर दावा लागला. जानेवारी २०२५च्या तडजोडीत १२ रँचनी पैसे घेऊन १५ महिन्यांत निघायचं कबूल केलं. पैसे ‘द नेचर कॉन्झर्व्हन्सी’ या निसर्गसंवर्धन संस्थेने उभे केले. रँचवरच्या घरांत राहणाऱ्या मजुरांच्या आणि पोटभाडेकरूंच्या कुटुंबांचं नाव मात्र कुठल्याच पट्ट्यावर नव्हतं.