कामावरचा वाद मध्यस्थीने मिटवायचा असेल तर

शिफ्ट संपताना सुपरवायझर म्हणतो, ‘उद्यापासून येऊ नकोस.’ नोकरी गेली असं समजून कामगार घरी बसतो. इकडे मस्टरवर गैरहजेरी लागत राहते आणि काही दिवसांनी घरी नोटीस येते. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत असे वाद नेहमीचेच. मध्यस्थीला यावं ते याच टप्प्यावर, कारण दोन्ही बाजूंना अजून माघार घेता येते. कामगार न्यायालयात वर्षं जातात आणि तोवर बोलणंच खुंटतं.

मध्यस्थ निकाल देत नाही. आधी एकत्र बैठक होते, मग दोन्ही बाजूंशी वेगवेगळ्या खोलीत बोलणं होतं. तिथे सांगितलेलं तुमच्या परवानगीशिवाय पलीकडे जात नाही. बैठक कंपनीत ठेवू नका. मालकाच्या केबिनमध्ये कामगार मोकळेपणाने बोलत नाही. आम्हा मध्यस्थांची फी बहुतेक वेळा कंपनी भरते आणि हे कामगाराला आम्ही आधीच सांगतो. समझोता झाला किंवा नाही झाला, तरी फी तेवढीच.

कंपनीकडून सहीचा अधिकार असलेली व्यक्तीच यावी. ‘साहेबांना विचारून सांगतो’ म्हणणारा आला की दिवस वाया जातो. सोबत नेमणूकपत्र, शेवटच्या तीन पगारपावत्या, मस्टरची प्रत आणि नोटिसा पाकिटासकट आणा, कारण पाकिटावरचा शिक्का तारीख सांगतो. व्हॉट्सअॅपवरचं संभाषण कापलेल्या स्क्रीनशॉटमध्ये नको, पूर्ण दाखवा.

नोकरी सोडायचीच ठरली, तर कायद्याने देणं किती ते आधी मांडा: थकलेला पगार, शिल्लक रजेचे पैसे, ग्रॅच्युइटी. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम, अशी काढा: कायम कामगाराची सलग पाच वर्षं झाली असतील, तर शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून येणारी रक्कम भागिले 26, गुणिले 15, गुणिले नोकरीची वर्षं. म्हणजे 18,200 रुपये आणि आठ वर्षं असतील, तर 84,000. यावर घासाघीस होत नाही. कमी रकमेवर सही घेतली तरी हक्क संपत नाही. बोलणी होतात ती त्यापलीकडच्या गोष्टींवर: परत कामावर घेणं, मधल्या दिवसांचा पगार, शिफ्ट बदलणं, अनुभवपत्राचा मजकूर.

समझोते मोडतात ते बहुधा मोघम मजकुरामुळे. ‘व्यवस्थापन योग्य ती कार्यवाही करेल’ या वाक्यावर कुणीही सही करू नये. रक्कम, टीडीएस कापून की कापण्याआधी, कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात, आणि हप्ता चुकला तर काय, हे सगळं लिहा. अनुभवपत्राचा मसुदा करारालाच जोडा. कामगाराला मराठी वाचता येत असेल तर करार मराठीतच करा आणि सह्या त्याच दिवशी घ्या. ‘उद्या टाईप करू’ म्हटलं की रात्रीतून मतं फिरतात.

लैंगिक छळाची तक्रार आम्ही घेत नाही. 2013 च्या कायद्यानुसार ती अंतर्गत समितीकडे जाते. तिथेही चौकशीपूर्वी समेट होतो तो तक्रारदार महिलेने स्वतः मागितला तरच, आणि पैशांच्या मोबदल्यात नाही. मान्यताप्राप्त युनियन असेल तर सामूहिक मागण्यांची बोलणी युनियनशीच करा.

बोलणी चालू आहेत म्हणून न्यायालयात जाण्याची मुदत थांबेल असं धरून चालू नका. ती जवळ आली असेल तर वकिलाला विचारून तक्रार दाखल करा; मध्यस्थी त्यानंतरही करता येते.