रानडुक्कर, वानर, घूस: मशीन घेण्याआधी एवढं वाचा

रात्रीत रताळ्याचा वाफा उकरून टाकलेला दिसला की माणूस सकाळी तडक दुकानात येतो आणि म्हणतो, "काहीतरी जालीम द्या." राग आम्हाला समजतो. चार महिने राबून वाढवलेलं पीक एका रात्रीत जातं, तेव्हा दुसरं काय होणार? पण आम्ही आधी एकच विचारतो: येतंय कोण? त्याचं उत्तर नसेल तर आमच्याकडची कुठलीही वस्तू तुमच्या उपयोगाची नाही. डुकरासाठी लावलेली तार वानराला अडवत नाही आणि घुशीच्या सापळ्यात साळिंदर येत नाही. पैसे मात्र दोन्हीकडे जातात. कुडाळ, सावंतवाडी, दोडामार्ग या पट्ट्यातल्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. बाकी कोकणातही यातलं बहुतेक लागू पडेल.

खुणा कशा ओळखायच्या

रानडुक्कर नाकाने जमीन उलथून टाकतं. कंदासाठी, गांडुळांसाठी, किड्यांसाठी. सकाळी सगळा वाफा खालीवर झालेला दिसतो. ओल्या मातीत खुराच्या दोन नख्या उमटतात आणि माती मऊ असेल तर त्यांच्या मागे दोन छोटे ठसेही दिसतात. जवळच्या झाडांच्या बुंध्याला गुडघाभर उंचीवर चिखल घासलेला असेल तर कळप रोजचाच आहे असं समजा. भात दुधात आलं की ही मंडळी जेवढं खातात त्याहून जास्त तुडवतात.

साळिंदर नारळ-सुपारीची कोवळी रोपं बुंध्याशी कुरतडतं. दातांच्या रुंद खाचा स्वच्छ दिसतात, आणि नशीब असेल तर एखादा काळा-पांढरा काटा तिथेच सापडतो. घुशीची खूण म्हणजे बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग. तो जोत्याच्या कडेला, गोठ्यात किंवा शेणखताच्या खड्ड्याजवळ असतो.

नारळात गफलत होते. देठाजवळ भोक पाडलेली कोवळी फळं खाली पडलेली असतील तर बहुतेक वेळा उंदीर असतो. पण शेकरूही शहाळ्याला भोक पाडतो, आणि तो महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे, त्याला हात लावायचा नाही. वानर फळ तोडून, सोलून, अर्धवट टाकतं आणि ते दिवसाढवळ्या. शंका असेल तर पहाटे ठशाशेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढा आणि आम्हाला दाखवा. काडेपेटीमुळे आकार नेमका कळतो.

झटका मशीन कसं चालतं

हे आम्ही सर्वांत जास्त विकतो आणि याबद्दलच सर्वांत जास्त गैरसमज आहेत, म्हणून जरा सविस्तर.

सोलर पॅनेल १२ व्होल्टची बॅटरी भरतं. मशीन त्या बॅटरीतून ऊर्जा घेऊन कुंपणाच्या तारेत विजेचे ठोके सोडतं. दोन ठोक्यांमध्ये किमान एक सेकंदाचं अंतर असतं. व्होल्टेज हजारांत असतं, पण ठोका इतका क्षणिक असतो की जनावराला जोरात हिसका बसतो आणि लगेच सुटकाही होते. मानकाप्रमाणे बनवलेल्या मशीनमध्ये एका ठोक्याची ऊर्जा ५ ज्यूलच्या आत ठेवलेली असते.

घरच्या लाइनीतून थेट तारेत सोडलेला २३० व्होल्टचा करंट ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे. तो अखंड वाहतो, स्नायू आखडतात आणि पकडलेली तार सोडता येत नाही. अशा तारेला चिकटून शेतकरी, शेजारी, गुरं मेल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. मेलेला माणूस पुष्कळदा त्याच घरातला असतो. वर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा, आणि आकडा टाकलेला असेल तर वीज कायदा २००३ खाली वीजचोरीचाही. अशी जोडणी आम्ही करून देत नाही आणि त्यासाठी सामानही देत नाही. कितीही ओळखीचं गिऱ्हाईक असलं तरी नाही.

डुकरासाठी तारा खाली हव्यात. पहिली तार जमिनीपासून २० सेंटिमीटरवर, पुढच्या ४० आणि ६० वर, चौथी साधारण ९० वर. डुकराच्या अंगावर राठ केस असतात, त्यावर चिखलाचा थर, त्यामुळे अंगाला तार लागली तर त्याला फारसं काही होत नाही. झटका बसतो तो ओल्या नाकाला, म्हणून तार नाकाच्या उंचीवर असावी लागते. आणखी एक: खांब आज, तार पुढच्या आठवड्यात, मशीन पगार झाल्यावर, असं करू नका. बंद तारेखालून चार रात्री ये-जा झाली की डुक्कर तिला भीत नाही, आणि मग चालू केलेली तारही ते अंगाच्या जोराने तोडतं. सगळं एकदम उभं करा आणि त्याच संध्याकाळी चालू करा.

तक्रारी येतात त्या बहुतेक अर्थिंगच्या. झटका तारेतून जनावराच्या अंगात, तिथून जमिनीत आणि जमिनीतून परत मशीनकडे असा फिरतो. जमीनच कोरडी असेल तर फेरा पुरा होत नाही. आपल्याकडे जांभा आणि कातळ. एप्रिल-मेमध्ये अशा जमिनीत एक हातभर सळई ठोकून काही होत नाही. किमान तीन जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) रॉड, एकमेकांपासून तीन मीटरवर, शक्यतो न्हाणीच्या सांडपाण्याजवळ किंवा विहिरीच्या पाटाशी. खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालावं, उन्हाळ्यात पाणी ओतावं. कातळच असेल तर आम्ही एकाआड एक तार अर्थिंगला जोडतो. मग जनावर दोन तारांच्या मधून डोकं घालतं, तेव्हा जमीन कितीही सुकी असली तरी झटका बसतो.

पावसाळ्यात अडचण उलटी होते. जमीन ओली असते, पण गवत आठवड्यात तारेला टेकतं आणि ठोका गवतातून जमिनीत मुरतो. जुलै-ऑगस्टमध्ये खालच्या तारेखालचं गवत कापणं हे मशीन घेण्याइतकंच महत्त्वाचं काम आहे. ज्यांना ते जमणार नाही त्यांना आम्ही मशीन घेऊच नका असं सांगतो. तारेतलं व्होल्टेज मोजायला मशीनसोबत टेस्टर देतो. मशीनपासून सर्वांत लांबच्या टोकाला आठवड्यातून एकदा लावून बघा. चार हजार व्होल्टच्या खाली आकडा आला की डुक्कर जुमानत नाही. गवत, फुटलेला इन्सुलेटर, तारेवर पडलेली फांदी, या तिन्हींपैकी एक काहीतरी सापडतंच.

मे महिन्यातल्या वळवात आणि ऑक्टोबरात विजा चमकू लागल्या की मशीन तारेपासून सोडवून ठेवा. पाणंदीच्या कडेला इशाऱ्याच्या पाट्या लावा. घरात कोणाला पेसमेकर असेल तर आधी सांगा.

जुन्या साड्यांचं कुंपण थोडे दिवस चालतं. हलणारं कापड आणि माणसाचा वास, एवढंच त्यात आहे. काढणीला पंधरवडा उरला असेल तर जरूर करा. मासेमारीचं जुनं जाळं मात्र जमिनीलगत लावू नका. त्यात साप अडकून हळूहळू मरतात, आणि तुमच्या शेतातले उंदीर खाणारे तेच असतात.

वानर आणि माकडं

खरं सांगायचं तर यावर पक्का इलाज आमच्याकडे नाही. वानर चार-पाच मीटरची उडी सहज मारतं. कुंपणाला टेकलेल्या, छपरावर आलेल्या फांद्या छाटल्या नाहीत तर चारी बाजूंनी झटका मशीन लावूनही ती वरून येतात. आवाजाची यंत्रं, वाघाचं चित्र, बुजगावणं यांना ती थोड्याच दिवसांत सरावतात. ज्या वाड्यांमध्ये राखण आळीपाळीने होते तिथे फरक पडतो, कारण एका आगरातून हाकललेली टोळी शेजारच्या आगरात बसत नाही. घराजवळ खरकटं, पिकलेले फणस, केळीची सालं उघड्यावर राहणार नाहीत इतकं पाहा. केळी, चवळी, मका गमवायला लागत असतील तर कुंपणालगतच्या पट्ट्यात हळद, मिरी, गवती चहा लावून बघा. वानरांना त्यात रस नसतो.

वानरं पळवायला मोठा बार काढणारी कार्बाइडची पाइप बंदूक आम्ही ठेवत नाही. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात या बंदुकांनी कित्येक मुलांच्या डोळ्यांना इजा झाली. बार उडाला नाही म्हणून पाइपात वाकून बघताना तो उडतो.

आणि हे घरातल्या सगळ्यांना सांगा: बागेत किंवा रानाच्या कडेला मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, काठीने ढकलूही नका. दोडामार्ग तालुक्यात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत. तो गोचिडीच्या चाव्यातून होतो, आणि माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात. प्राथमिक आरोग्य केंद्राला लगेच कळवा. काजूच्या हंगामात पालापाचोळ्यात काम करताना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करा, आणि ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचं आपणहून सांगा.

घूस आणि उंदीर

इथे आधी सापळा, मग औषध. पिंजरा किंवा चाप भिंतीला लागून ठेवा. घूस मोकळ्या अंगणातून जात नाही, कडेने जाते. पहिल्या दोन रात्री चाप न लावता सुकी मासळी किंवा खोबरं ठेवा, तिसऱ्या रात्री लावा.

नारळाला दोन मीटर उंचीवर हात-सव्वा हात रुंदीचा गुळगुळीत जीआय पत्रा गुंडाळला की उंदीर चढत नाही. झावळ्या शेजारच्या झाडाला लागलेल्या असतील तर याचा उपयोग शून्य, कारण तो तिकडून येतो.

झिंक फॉस्फाईड मागायला पुष्कळ जण येतात. त्यावर उतारा नाही, हे आम्ही प्रत्येकाला सांगतो. घरात लहान मूल, कुत्रा, मोकळ्या कोंबड्या असतील तर आम्ही ते टाळायला सांगतो. वापरायचंच असेल तर हातमोजे घालून, आमिष बिळाच्या आत सारून, वर माती ओढून. मेलेले उंदीर उघड्या हाताने उचलू नका, खोल पुरा. लेप्टो तापाचे (लेप्टोस्पायरोसिसचे) जंतू उंदराच्या मुतातून पाण्यात जातात आणि पायाच्या जखमेतून आपल्यात शिरतात, म्हणून लावणीच्या दिवसांत चिखलात उतरणाऱ्यांनी गमबूट घालावेत. वाडीतल्या सगळ्या घरांनी एकाच आठवड्यात सापळे लावले तर फळ मिळतं. एकट्याने केलं तर शेजारची घूस महिन्याभरात तुमच्या बिळात राहायला येते.

कायदा आणि भरपाई

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येत विष घालणं, फासा लावणं, सापळ्यात धरणं हे सगळं येतं, आणि तसा प्रयत्न केला तरी तो गुन्हाच. शेतात घुसलं म्हणून रानडुक्कर मारता येत नाही, त्यासाठी वनखात्याची परवानगी लागते. गवा, बिबट्या, मोर तर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहेत. गवा आणि हत्तीसाठी आमच्याकडे येऊ नका, थेट वनखात्याला कळवा. महाराष्ट्र वनविभागाची मदतवाहिनी १९२६ आहे.

पिकाचं नुकसान झालं तर तीन दिवसांच्या आत वनरक्षक किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. त्याआधी शेत साफ करू नका, पंचनाम्याला खुणा लागतात. सातबारा आणि बँकेच्या पासबुकाची प्रत जवळ ठेवा. सोलर कुंपणासाठी श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून काही गावांना अनुदान मिळतं. तुमचं गाव त्यात आहे का, हे वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा आणि ते कळल्यावरच आमच्याकडे ऑर्डर द्या. आधी खरेदी केली तर अनुदान हातचं जाऊ शकतं.

आमच्याकडे येताना

बागेचा अंदाजे परीघ पावलांनी मोजून आणा. गडगा कुठे पडला आहे, पाणी कुठे आहे, रान कोणत्या बाजूला आहे, हे कागदावर रेघोट्या मारून दाखवलंत तरी पुरे. पाहणीला आम्ही सकाळी लवकर येतो, ठसे पुसायच्या आत, त्यामुळे आदल्या संध्याकाळी वाफ्यावर पाणी मारून ठेवा आणि आम्ही येईपर्यंत तिथे कोणाला फिरकू देऊ नका.