बचत गटाचं कर्ज आणि कंपनीचं गटकर्ज: फरक व्याजदरापुरता नाही

बीड-जालन्याकडच्या गावांत एकच बाई बचत गटात असते आणि मायक्रोफायनान्स कंपनीच्या, म्हणजे छोटी कर्जं देणाऱ्या कंपनीच्या, गटातही. दोन्हीकडे शेजारणीच, तारण कुठेच नाही. त्यामुळे दोन्ही एकाच माळेचे मणी वाटतात. तसं नाही.

बचत गटात दहा ते वीस बायका आधी स्वतःची बचत जमवतात. नाबार्ड या राष्ट्रीय ग्रामीण विकास बँकेने १९९२ मध्ये असे गट बँकांशी जोडायला सुरुवात केली. आज माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) आणि उमेद (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) हे काम करतात. गटातलं अंतर्गत कर्ज बहुधा शेकडा दोन रुपये महिन्याने, म्हणजे वर्षाला २४ टक्के. कंपनीचा दरही साधारण त्याच्याच आसपास असतो. पण बचत गटातलं व्याज गटाच्याच खात्यात राहतं, कंपनीचं गावाबाहेर जातं. ४०,००० रुपये दोन वर्षांसाठी २४ टक्क्यांनी घेतले, तर महिन्याला सुमारे २,११५ रुपये हप्ता बसतो. एकूण परतफेड पन्नास हजारांवर. प्रोसेसिंग फी आणि विमा वेगळा.

कंपनीचे पैसे चटकन मिळतात, हे मात्र खरं. बँकेच्या खेपा घालून दमलेल्या बाईला तेच पुरेसं वाटतं, आणि त्यात तिची चूक नाही.

खरा कस लागतो हप्ता थकल्यावर. दसऱ्यानंतर जोडपं ऊसतोडीला निघतं. मुकादमाने मजुरीपोटी दिलेली आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, जुनी देणी फेडण्यातच संपलेली असते. बचत गटात ती बाई सांगू शकते, ‘पट्टा पडला की भरते’, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपला की. बायका ठराव लिहून मुदत देतात. कंपनीच्या गटात वसुलीचा माणूस सगळ्या गटाची रक्कम पुरी झाल्याशिवाय उठत नाही. मग कापूस वेचून आलेल्या शेजारणी वर्गणी काढून तिचा हप्ता भरतात, आणि पुढे तिच्याशी बोलणं सोडतात. एका कंपनीचा हप्ता भरायला दुसरीचं कर्ज काढणं इथूनच सुरू होतं. मला सगळ्यात घातक हेच वाटतं.

रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार घराचे सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड नाही. तक्रार आधी कंपनीकडे लेखी द्यावी. तीस दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी १४४४८ वर फोन लावावा.