ठाण्याच्या उकाड्यात गाडीची बॅटरी निवडताना

गाडी सेल्फ घेईनाशी झाली की आपण बॅटरीच्या दुकानात जातो आणि जिच्यावरचा आकडा सर्वांत मोठा, तीच सर्वांत चांगली असे समजतो. ठाणे आणि नवी मुंबईच्या हवेत हा निकष फारसा उपयोगाचा नाही.

गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शिसे आणि सौम्य गंधकाम्लाची जी बॅटरी तयार केली, तिचेच तत्त्व आजही आपल्या बॉनेटखाली काम करते. प्रत्येकी सुमारे २.१ व्होल्टच्या सहा घरांतून (सेलमधून) पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीचे १२.६ व्होल्ट मिळतात.

वेष्टनावर ठळक छापलेला सीसीए (कोल्ड क्रँकिंग अँप्स) हा आकडा उणे १८ अंश सेल्सिअसला, ३० सेकंद आणि ७.२ व्होल्टच्या खाली न घसरता, बॅटरी किती अँपिअर देते हे सांगतो. ही कसोटी कडाक्याच्या थंडीची आहे. आपल्याकडे बॅटरीचा खरा शत्रू उष्णता आहे. तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो आणि धन प्लेटमधली जाळी गंजण्याचा वेगही तसाच वाढतो. मे महिन्यात घोडबंदर रोडवर गाडी रखडते तेव्हा बॉनेटखाली हेच घडत असते. त्यातच, त्याच मापाच्या डब्यात सीसीए वाढवायचा तर सहसा प्लेट पातळ करून त्यांची संख्या वाढवावी लागते, आणि पातळ जाळी गंजाला लवकर बळी पडते. म्हणून कंपनीने सांगितलेल्या आकड्याच्या फार पुढे जाण्यात मला शहाणपण दिसत नाही.

बॅटरी लवकर खराब होण्याचे दुसरे कारण अर्धवट चार्जिंगचे. घरापासून स्टेशनपर्यंतच्या दोन-तीन किलोमीटरच्या फेरीत, त्यातही पावसाळ्यात एसी, वायपर आणि दिवे चालू असताना, स्टार्टरने घेतलेली वीज पुरती भरून निघत नाही. अशी बॅटरी महिनोन्‌महिने अर्धपोटी राहिली की प्लेटवर लेड सल्फेटचे स्फटिक घट्ट बसतात आणि तिची क्षमता कायमची घटते.

दुकानात प्रथम जुन्या बॅटरीवरचा संकेत वाचावा. ३८बी२०एल यातला ३८ हा कामगिरीचा दर्जा, बी हा रुंदी-उंचीचा गट, २० ही सेंटिमीटरमधली अंदाजे लांबी आणि शेवटचे अक्षर टर्मिनलची बाजू दाखवते. ते अक्षर चुकले तर बॅटरी चौकटीत नीट बसूनही केबल पोहोचत नाही. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाडीत मुळात ईएफबी किंवा एजीएम, म्हणजे वारंवार बंद-चालू होणे सोसणाऱ्या प्रकारची बॅटरी असेल, तर तिच्या जागी साधी बॅटरी टाकू नये. त्यानंतर उत्पादनाची तारीख पाहावी, कारण उकाड्यात पडून राहिलेली नवी बॅटरीही हळूहळू उतरतच असते. दोष अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा असेल तर नवी बॅटरीही काही दिवसांतच उतरेल, म्हणून पैसे देण्यापूर्वी तोही मेकॅनिककडून तपासून घ्यावा.

जुनी बॅटरी दुकानदारालाच परत द्यावी. तो तिची किंमत नव्या बिलातून वजा करतो, आणि शिसे वितळवून पुन्हा प्लेटसाठी वापरता येते. ती रस्त्याकडेला फोडली गेली, तर शिसेमिश्रित आम्ल थेट गटारात आणि तिथून खाडीत जाते.