लाव्हा रॉक आणि जांभा: भोकं दोन्हींत, पण मुळांना चालतो एकच

मामाच्या परड्यात गडग्याला लागून जांभ्याचे मोडके चिरे कायम पडलेले असतात. ऑर्किडच्या कुंडीत मातीऐवजी घालायला मागवलेली लाव्हा रॉकची पिशवी मी त्याच्यासमोर उघडली, तेव्हा त्याने एक खडा उचलून उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "अगो, हा तर जांभा! ह्याला पैसे दिलेस?"

त्याचं चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही. खडा लालसर तपकिरी होता, अंगभर भोकं होती, हाताला खरखरीत लागत होता. कोकणात वाढलेल्या कुणालाही तो जांभाच वाटेल. म्हणून मी दोन्ही करून बघायचं ठरवलं. फेब्रुवारीत एकाच नर्सरीतली, एकाच वयाची डेंड्रोबियम जातीची चार ऑर्किड घेतली. दोन लाव्हा रॉकमध्ये लावली आणि दोन मामाने हातोडीने फोडून, चाळून दिलेल्या जांभ्याच्या तुकड्यांत.

मे महिन्यापर्यंत जांभाच पुढे होता. आमच्याकडच्या उन्हात लाव्हा रॉकची कुंडी सकाळी पाणी घातलं की दुपारपर्यंत कोरडी पडायची आणि त्यातल्या झाडांचे कंद सुरकुतले होते. जांभ्यातली झाडं मात्र टवटवीत होती. मामा खूश होता, मीही.

मग पाऊस लागला. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात जांभ्यातल्या एका झाडाची खालची पानं एकदम पिवळी पडली म्हणून कुंडी उपडी केली. वरचे तुकडे जागेवर होते, पण तळाशी दोन बोटं लाल गाळ बसला होता, भोकं बंद करून. त्या गाळात गेलेलं मूळ चिमटीत धरून ओढलं तर वरची साल मोज्यासारखी निघून हातात आली आणि आत नुसता दोरा राहिला. ऑर्किड पाळणाऱ्याला हा दोरा नीट ओळखता येतो. मूळ कुजलं की असंच होतं. दुसऱ्या कुंडीतही तेच. लाव्हा रॉकमधल्या झाडांची मुळं त्याच पावसात पांढरीशुभ्र, टोकं हिरवी, खड्यांना घट्ट चिकटलेली.

हे असं का झालं याचं उत्तर त्या भोकांत आहे. भोकं दोन्हीकडे आहेत, पण ती पडली वेगवेगळ्या कारणांनी.

लाव्हा रॉक म्हणून विकतात तो दगड म्हणजे भूशास्त्रातला स्कोरिया. जमिनीखालून वर येणाऱ्या तप्त रसात वायू विरघळलेला असतो. वर येता येता दाब उतरतो आणि सोड्याची बाटली उघडल्यावर व्हावं तसं सगळं फसफसतं. तो फेसाळ रस हवेत उडतो आणि बुडबुडे फुटून जायच्या आत थिजतो. बुडबुड्यांची जागा तशीच राहते, ती ही भोकं. असे खडे ज्वालामुखीच्या मुखाभोवती पडत राहिले की शंकूसारखी टेकडी तयार होते. मेक्सिकोतला पारिकुटिन ज्वालामुखी १९४३ साली एका शेतकऱ्याच्या मक्याच्या शेतात उगवला आणि वाढला, तो असाच. खडा गरम असतानाच त्यातल्या लोहाचा हवेशी आणि वाफेशी संयोग झाला तर तो लाल होतो, नाहीतर काळा राहतो. कुंडीसाठी दोन्ही रंग सारखेच, लाल खड्याला जास्त पैसे मोजायचं कारण नाही.

जांभ्याची गोष्ट उलटी आहे. सह्याद्रीचा काळा कातळही लाव्ह्याचाच, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे मामाचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, नातं आहेच. पण जांभा हा त्या कातळाचा झिजून, कुजून झालेला दगड. लाखो वर्षं पाऊस मुरत राहिला, मग कडक उन्हाळा, मग पुन्हा पाऊस. कातळातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम आणि बरीचशी सिलिका पाण्याबरोबर निघून गेली. लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं मागे राहिली. त्यातला मऊ, मातकट भाग धुऊन गेला, तिथे भोकं पडली. आणि सगळा भाग धुऊन गेलेला नसतो. ताज्या चिऱ्याची भोकं नीट बघा, आत पिवळट किंवा पांढरट चिकणमाती बसलेली दिसेल. माझ्या कुंडीच्या तळाशी जमलेला गाळ तिथूनच आला.

चिरेखाणीत काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. जांभा खाणीत असतो तेव्हा ओला आणि मऊ, म्हणूनच त्याचे सरळ चिरे पडतात. मग उन्हावाऱ्यात तो टणक होतो. फ्रान्सिस ब्युकॅनन या स्कॉटिश डॉक्टरने १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात केरळातल्या अंगाडिपुरमच्या अशाच दगडाला लॅटेराइट हे नाव दिलं, ते विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून. भिंतीत तो दगड पिढ्यान् पिढ्या टिकतो. पण भिंतीतला चिरा अखंड असतो. आपण कुंडीसाठी तो फोडतो, म्हणजे बंद असलेली सगळी मातीची भोकं उघडी करतो.

आता ऑर्किडच्या मुळाकडे बघू. आपण कुंडीत लावतो ती बहुतेक ऑर्किड झाडाच्या फांदीवर राहणारी. त्यांच्या मुळावर वेलामेन नावाचं पांढरं, स्पंजासारखं आवरण असतं. पावसाचं पाणी ते झटकन शोषतं, भिजलं की आतला हिरवा रंग दिसतो, मग वाऱ्याने ते सुकतं आणि पुन्हा पांढरं होतं. आंब्या-फणसावर सीतेची वेणी हे रानातलं ऑर्किड बघा, मुळं फांदीवरून उघडी लोंबत असतात आणि मुसळधार पावसात मजेत असतात, कारण पाऊस थांबला की तासाभरात वारा लागतो. भिजणं त्यांना चालतं. भिजून तसंच गुदमरून राहणं चालत नाही. लाव्हा रॉकच्या खड्यांमध्ये मोठ्या फटी राहतात, पाणी खाली निघून जातं, हवा आत येते आणि भोकांत अडकलेला ओलावा सावकाश बाहेर पडतो. खडा कुजत नाही, विरघळत नाही. नारळाच्या सालींचे तुकडे दोन-तीन वर्षांत भुगा होऊन दबतात, याचं तसं नाही.

इथे कुणीतरी कास पठाराचा दाखला देतंच. कासचा सडा जांभ्याचा आणि पावसाळ्यात तिथे हबेनारियासारख्या आमऱ्या (म्हणजे ऑर्किडच) भरभरून फुलतात, मग जांभा ऑर्किडला वाईट कसा? वाईट नाहीच, त्या ऑर्किडांना. त्या जमिनीवरच्या आमऱ्या. जांभ्यावरच्या चार बोटं मातीत त्यांचे कंद असतात, पावसाळ्यात पान-फूल करून घेतात आणि उरलेलं वर्ष मातीखाली झोपून काढतात. गॅलरीतल्या डेंड्रोबियमला तो हिशेब लावता येत नाही. (आणि कासवरून किंवा कुठल्याही रानातून आमरी उपटून आणू नका. ती कुंडीत जगत नाही आणि तिथली जागा रिकामी होते.)

जांभ्याबद्दल आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. त्यातली लोह-ॲल्युमिनियमची संयुगं खतातलं फॉस्फरस धरून ठेवतात, झाडाला मिळू देत नाहीत. कोकणातल्या लाल जमिनीत शेतकऱ्यांना हाच त्रास होतो. लाव्हा रॉक फारसं काही धरत नाही, म्हणून त्यात खत थोडं पण वारंवार द्यावं लागतं. मी पुडीवर लिहिलेल्या मात्रेच्या पावपट खत दर आठवड्याला देते.

दोन्ही मिसळून आले तर ओळखायचे कसे? खडा फोडा. लाव्हा रॉकची भोकं गोल किंवा लांबट गोल असतात, आतून स्वच्छ, कडा काचेसारख्या धारदार. हाताळताना बोटं खरचटतात. जांभ्याची भोकं वेडीवाकडी, नळीसारखी, आत माती. नखाने खरवडलं तर लाल-पिवळी भुकटी निघते आणि हात रंगतो. तरीही शंका असेल तर वाटीभर पाण्यात खडा रात्रभर ठेवा, सकाळी पाणी बदला आणि पुन्हा ठेवा. लाव्हा रॉकची धूळ एक-दोन पाण्यांत संपते. जांभा चौथ्या पाण्यालाही लालच करतो. बुडबुड्यांवरून मात्र ठरवू नका, पाण्यात टाकल्यावर बुडबुडे दोघांतूनही येतात.

खडा पाण्यावर तरंगलाच तर तो या दोघांतला नव्हे, प्युमिस असणार, टाचा घासायला वापरतात तोच फिकट दगड. तोही ज्वालामुखीचाच, लाव्हा रॉकपेक्षा जास्त पाणी धरतो, लहान रोपांना चांगला. आणि बांधकामाची खडी? सह्याद्रीच्या कातळातही वायूची भोकं होती, पण त्यांतली बरीचशी झिओलाइटसारख्या खनिजांनी कधीच भरून गेली. पुण्याजवळच्या खाणींतून निघणारे ते सुंदर पांढरे-गुलाबी स्फटिक म्हणजे भरलेली भोकंच. खडीने कुंडीला वजन येतं, ओलावा येत नाही.

लाव्हा रॉकचे दोष मी झाकणार नाही. हवाईतल्या हिलो शहराच्या बाजूला ऑर्किडवाले हे खडे हक्काने वापरतात, तिथे त्यांना सिंडर म्हणतात. हिलोत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, रत्नागिरीइतकाच म्हणा ना, पण तो बाराही महिने विभागून पडतो. आपला चार महिन्यांत पडून जातो. म्हणून नुसता लाव्हा रॉक कोकणच्या पावसाळ्याला अगदी योग्य आणि उन्हाळ्याला अपुरा. पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत तर मार्चपासूनच जड जातं. मी आता ऑक्टोबर संपला की खड्यांवर नारळाच्या शेंडीचा पातळ थर घालते आणि मृग लागायच्या आधी तो काढून टाकते.

दुसरा दोष क्षारांचा. बोअरचं पाणी असेल तर भोकांत क्षार साठतात, खड्यांवर पांढरी पुटं येतात आणि मुळांची टोकं काळी पडतात. महिन्यातून एकदा साधं पाणी कुंडीतून भरपूर सोडायचं, कुंडीच्या तीन-चार पट. पावसाचं साठवलेलं असेल तर उत्तम. तिसरं म्हणजे मुळं खड्याला अशी चिकटतात की कुंडी बदलताना सोडवायला गेलात तर तुटतात. सोडवू नका, खड्यासकट नव्या कुंडीत ठेवा. एखादं झाड रोगाने गेलं असेल तर मात्र ते खडे दुसऱ्याला देऊ नका, नुसतं धुऊन विषाणू जात नाहीत.

खड्याचा आकार डेंड्रोबियमला पेरूच्या फोडीएवढा, फॅलेनॉप्सिस जातीच्या ऑर्किडला त्याच्या निम्मा. व्हँडा जातीच्या ऑर्किडला खरं तर टोपलीत दोन-चार खडे आधाराला पुरतात. पैसे वाचवायचे असतील तर पक्क्या भाजलेल्या विटेचे तुकडे आणि लाकडी कोळसा हे जुनं मिश्रण अजूनही चांगलं आहे. विटेतली माती भट्टीत भाजून पक्की झालेली असते, म्हणून ती गाळ सोडत नाही.

जांभ्यातल्या दोन झाडांपैकी एक गेलं. दुसऱ्याची कुजलेली मुळं कापली, दोन दिवस सावलीत सुकवलं आणि लाव्हा रॉकमध्ये लावलं, दिवाळीच्या सुमारास त्याला नवी मुळं फुटली. उरलेला जांभा मामाने परत नेला नाही. तो मी गॅलरीच्या कोपऱ्यात, पन्हळीखाली रचून ठेवला, आणि पुढच्या पावसात त्यावर आपणहून शेवाळ आलं, मग नेचे आले.