पावसात ब्रेक न लागण्याचं खरं कारण

"पावसात सायकल थांबत नाही? व्ही-ब्रेक बसवा, काम झालं," हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. पटण्यासारखाही आहे, कारण व्ही-ब्रेकच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या लांब दांड्या थोड्या जोरातही रबर रिमवर (चाकाच्या धातूच्या कड्यावर) घट्ट दाबतात. पण क्रोमचा मुलामा दिलेली स्टीलची रिम भिजली की रबर तिच्यावरून घसरतं, मग ब्रेक कॅलिपर (चाकाच्या वर एकाच बोल्टवर बसणारा चिमटा) असो वा व्ही. ॲल्युमिनियमच्या रिमवर पकड बरीच टिकते. रिमला लोहचुंबक लावून पाहा. चिकटला तर स्टील. माझ्या मते पैसे आधी रिमवरच घालावेत.

व्ही-ब्रेक घ्यायचाच असेल तर लिव्हरही (हँडलवर बोटांनी दाबायची पट्टी) त्याचाच हवा. कॅलिपरचा लिव्हर वायर कमी ओढतो, त्यामुळे ब्रेक नीट आवळण्याआधीच तो मुठीला टेकू शकतो.