बातमीवरचं कार्टून आणि प्रश्नावरचं कार्टून

राजकारणाची टिंगल करणाऱ्या अमेरिकन कार्टून मालिका म्हटलं की ‘द सिम्पसन्स’ आणि ‘साउथ पार्क’ ही नावं एका दमात घेतली जातात. नाशिकमध्ये गोदावरी किंवा कांद्यावर छोटं कार्टून करायला बसलेले गटही दोन्हींतलं थोडंथोडं उचलतात आणि मग काम अडतं. कारण ‘साउथ पार्क’ ताज्या बातमीवर चालते, ‘सिम्पसन्स’ वर्षानुवर्षं न सुटणाऱ्या प्रश्नावर. हा फरक लेखकांच्या स्वभावापेक्षा निर्मितीच्या वेळापत्रकातून आलेला आहे.

‘साउथ पार्क’चा भाग साधारण सहा दिवसांत बनतो. गुरुवारी विषयावर चर्चा, पुढच्या बुधवारी प्रसारण. कागदी कात्रणांसारखी दिसणारी पात्रं, पार्श्वभूमी आणि तोंडांचे आकार संगणकात आधीच तयार असतात म्हणून हे जमतं. ४ नोव्हेंबर २००८ ला ओबामा निवडून आले आणि दुसऱ्याच दिवशी त्यावरचा भाग दिसला. हाच वेग उलटतोही. २०१६ मध्ये क्लिंटन जिंकतील असं धरून लिहिलेला भाग निकालाच्या रात्री बदलावा लागला. ऑक्टोबर २०१३ मध्ये स्टुडिओची वीज गेली आणि भाग वेळेत पोचलाच नाही.

‘सिम्पसन्स’च्या एका भागाला आठ-दहा महिने सहज लागतात. संहितेचं वाचन, आवाजाचं ध्वनिमुद्रण, स्टोरीबोर्ड (दृश्यांची क्रमवार रेखाटनं), कच्चं अ‍ॅनिमॅटिक (तीच रेखाटनं आवाजासकट हलत्या रूपात), मग चित्रांचं बरंचसं काम दक्षिण कोरियात. रंगवलेली दृश्यं परत आल्यावर संवाद बदलायला फार जागा उरत नाही. पात्र पाठमोरं असेल, लांबवर असेल किंवा पडद्याबाहेरून बोलत असेल तरच नवं वाक्य बसतं, नाहीतर ओठ जुळत नाहीत. त्यामुळे दहा महिन्यांनीही शिळे होणार नाहीत असेच विषय घ्यावे लागतात: अणुवीज केंद्रातली बेफिकिरी, शाळेचे आटलेले पैसे, विकला गेलेला महापौर. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी, ट्रम्प राष्ट्राध्यक्ष होण्याची ‘भविष्यवाणी’ सिम्पसन्सच्या मार्च २००० मधल्या भागातली. ट्रम्प त्याआधी काही महिने खरोखरच उमेदवारीची चाचपणी करत होते, तेव्हा त्यात चमत्कार शोधू नये.

आता लासलगाव, नाशिक जिल्ह्यातली कांद्याची मोठी बाजारपेठ. कांद्यावरची निर्यातबंदी ८ डिसेंबर २०२३ ला आली, ४ मे २०२४ ला उठली. ‘बंदी आली’ हाच विनोद असलेला भाग सिम्पसन्सच्या चालीने केला असता, तर तो बंदी उठल्यावर लागला असता. पण ‘लाल कांदा टिकत नाही, म्हणून भाव पडला तरी ट्रॉली लिलावात उभी करावीच लागते’ हा विषय कुठल्याही हंगामात चालतो. कथेतून तारीख आणि मंत्र्याचं नाव काढून पाहा. काहीच उरलं नाही तर ती बातमी, आणि बातमीला सहा दिवसांची तयारी लागते.

हिशेब सोपा आहे. तीन मिनिटं, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे ४,५०० फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम ठेवलं तरी २,२५० चित्रं. चौघांनी रोज पंधरा-पंधरा काढली तर नुसत्या रेखाटनालाच ३८ दिवस. बातमी पकडायची तर शेतकरी, व्यापारी, अडत्या, हमाल यांचे समोरून आणि बाजूने कटआउट, प्रत्येकाची आठ-नऊ तोंडं आणि लिलावाचं आवार हे सगळं विषय सुचण्याआधी तयार हवं. बहुतेक गट इथेच फसतात: आधी बातमी धरतात, मग पात्रं काढायला बसतात.

चुकाही वेगवेगळ्या होतात. बातमीच्या भागात खरी माणसं येतात, म्हणून नावानिशी केलेला आरोप आणि त्यांच्या जाहीर वागण्यावरचा विनोद यांतली रेघ जपावी लागते. आपल्याकडे बदनामी हा फौजदारी गुन्हाही आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६. प्रश्नाच्या भागातली चूक हळूहळू साचते. सिम्पसन्समधल्या अपू या भारतीय दुकानदाराचा उच्चार वर्षानुवर्षं हसवत राहिला. २०१७ मध्ये त्यावर टीकेचा माहितीपट आला आणि २०२० मध्ये आवाज देणारे हँक अझारिया यांनी ती भूमिका सोडली. हमालाच्या बोलीवर हसू काढण्याचा मोह होतो, तेव्हा हे आठवावं.

छोट्या गटाला दोन्ही हवं असेल तर सांगाडा प्रश्नाचा ठेवावा आणि बातमीसाठी वीस-तीस सेकंद मोकळी सोडावीत: बाजार समितीच्या स्पीकरवरची घोषणा, पिकअपमधला रेडिओ, वर्तमानपत्राचा मथळा. तिथे ओठ दिसत नाहीत, त्यामुळे आदल्या रात्रीही नवा आवाज भरता येतो.